नासून जाईल, न्या

आमच्याकडे दूध नुसतं देत नाहीत. सोबत एक वाक्य द्यावं लागतं : "घरी पडून नासून जाईल, न्या." येलदरीत लहानपणापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. फॅन फिरत असतो तोवर त्याचा आवाज ऐकू येत नाही, बंद पडला की येतो. तसं ते वाक्य गेल्या वर्षी घरातून बंद पडलं, आणि मला ऐकू आलं.

आता नीट पाहिलं तर ते वाक्य निम्मं खोटं आहे. ज्या घरात विरजण आहे तिथे दूध सहसा नासून जात नाही. त्याचं दही होतं, ताक होतं, लोणी निघतं, तूप कढतं. अगदी फाटलंच तरी गूळ घालून पोरं खातात. आईला हे माहीत होतं आणि दूध न्यायला येणाऱ्या मावशींनाही माहीत होतं. तरी आई ते म्हणायची आणि मावशी मान डोलवायच्या. कारण त्या वाक्यात देणारी मोठी होत नाही. उलट तीच अडचणीत असते, तिच्या घरी दूध जास्त झालेलं असतं, आणि नेणारी तिला मदत करत असते. फुकट घेतल्याचं ओझं दारातच उतरवून ठेवायची ही सोय होती.

मावशी आमच्या पलीकडच्या घरात राहतात. त्यांचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परत येतात. मधले पाच-सहा महिने नातू मावशींजवळ असतो. तो पोरगा आता सात वर्षांचा आहे. संध्याकाळच्या धारा झाल्या की मावशी पितळी तांब्या पदराखाली झाकून यायच्या. दिवेलागणीच्या आत यायच्या, कारण तिन्हीसांजेला दूध, दही, मीठ घराबाहेर देत नाहीत. त्यांनाही नियम माहीत, आईलाही. दुसऱ्या दिवशी तांब्या परत यायचा तो रिकामा नसायचा. कधी तळाशी चार हिरव्या मिरच्या, कधी अंबाडीचा पाला, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा. रिकामं भांडं परत करू नये, हाही नियम. हिशोब कुणी ठेवत नव्हतं, पण देणंघेणं दोन्हीकडून चालू होतं.

मग वहिनींनी दूध गोठवायला सुरुवात केली.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर वहिनी या गोष्टीतल्या खलनायिका ठरतील, आणि त्या तशा अजिबात नाहीत. त्या जिंतूरला शाळेवर शिकवतात. सकाळी साडेसहाला घर सोडतात. दादा शेती आणि दोन म्हशी बघतो. आईचे गुडघे गेलेत, तिला चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभं राहवत नाही. दोन पोरं शाळेत. मी पुण्यात, लॅपटॉपपुढे. घरात रोज दोन वेळा दूध यायचं आणि दोन वेळा तापवावं लागायचं. ज्यानं कधी सहा लिटर दूध तापवलंय त्याला माहीत असेल, की हे काम फारसं काही न करता उभं राहण्याचं आहे. दूध तापेपर्यंत तुम्ही दुसरं काही करू शकत नाही आणि दूध तापतंय म्हणून तुम्ही काही केलं असं कुणी मोजतही नाही. पाठ फिरवली की उतू जातं. उतू गेलं की ओटा पुसा, बर्नर साफ करा आणि वर घरातल्या तिघांचं ऐका.

वहिनींनी हे रविवार आणि बुधवारवर आणलं. त्या दोन दिवशी संध्याकाळचं सगळं दूध घराला, बाकीच्या सगळ्या वेळी डेअरीच्या संकलन केंद्रावर. घराला दिवसाला दीड लिटर लागतं. सहा लिटर एकदाच तापवायचं. पूर्ण गार होऊ द्यायचं. वरची साय काढून विरजणाच्या भांड्यात टाकायची, कारण म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त आणि गोठताना तोच आधी वेगळा होतो. दोन दिवसांचं दूध फ्रीजमध्ये खाली, उरलेलं अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या झाकणाच्या डब्यांत भरून वरच्या बर्फाच्या कप्प्यात. डबा काठोकाठ भरायचा नाही, दोन बोटं जागा सोडायची. पाणी गोठलं की फुगतं, साधारण नऊ टक्के, आणि दुधात बहुतेक पाणीच असतं. एकदा भाचीनं काचेची बाटली गच्च भरून ठेवली होती, ती सकाळी उभी चिरलेली मिळाली.

वापरायच्या आदल्या रात्री डबा खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा. बाहेर ओट्यावर ठेवून वितळवायचं नाही, कारण गोठल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. ऊब मिळाली की जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू. वितळलेलं दूध जरा पिवळट दिसतं, त्यात बारीक कण दिसतात. ढवळून उकळलं की चहाला, खिरीला, पोरांच्या बोर्नव्हिटाला चालतं. नुसतं प्यायला तितकंसं चांगलं लागत नाही, दही किंचित सैल लागतं. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. पुस्तकात उणे अठरा अंश सेल्सिअसला काही महिने टिकतं असं लिहिलेलं असतं, पण ते सतत वीज असलेल्या आणि चांगल्या फ्रीझरच्या घरासाठी. आमच्याकडचा फ्रीज एका दाराचा, आणि वीज ज्या वेळी जाते त्या वेळी जाते. वहिनी डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहितात आणि आठवड्यापलीकडे डबा ठेवत नाहीत. लाइट बराच वेळ गेली तर कप्पा उघडायचा नाही, हा नियम पोरांनासुद्धा पाठ आहे.

(जाता जाता : दूध शून्य अंशाला गोठत नाही, त्याच्या साधारण अर्धा अंश खाली गोठतं. त्यात पाणी मिसळलं असेल तर गोठणबिंदू शून्याकडे सरकतो, आणि मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत भेसळ अशीही पकडतात. दूध किती खरं आहे हे ते गोठताना कळतं, ही गोष्ट मला फार आवडते.)

ही व्यवस्था उत्तम आहे. मी रोज जे काम करते त्यातलं निम्मं हेच आहे : दोन गोष्टींचा वेग जुळत नसेल तर मध्ये बफर ठेवा. म्हैस तिच्या वेळेला दूध देते, घर त्याच्या वेळेला पितं, मध्ये सहा डबे. पण या व्यवस्थेत एक गोष्ट नाहीशी झाली, जी कुणी काढून टाकली नव्हती. उरणं नाहीसं झालं. आता आमच्या घरात दूध उरत नाही. एकतर ते डेअरीला गेलेलं असतं, किंवा ते गुरुवारचं दूध असतं, शनिवारचं दूध असतं. त्यावर तारीख असते. तारीख म्हणजे मालकाचं नावच.

मावशी तांब्या घेऊन आल्या तेव्हा त्यांना कुणी नाही म्हटलं नाही. आई म्हणाली, "आज डेअरीला गेलं माय सगळं." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. यात कुणाचं चुकलं ते मला शोधून सापडत नाही. फ्रीझरमध्ये तीन लिटर दूध होतं, हे खरं. पण ते देताना म्हणणार काय? "नासून जाईल, न्या" म्हणता येत नाही. ते नासणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मग उरतं एकच वाक्य, "तुम्हाला लागतंय, म्हणून देते." हे वाक्य खरं आहे, आणि खरं असल्यामुळेच ते दारात उभ्या असलेल्या बाईला ऐकवत नाही.

इंग्लंडचा तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानं १६८९ च्या आपल्या ग्रंथात खासगी मालकीचा विचार करताना एक मर्यादा घातली होती. निसर्गातलं आपल्या कष्टानं जे घ्याल ते तुमचं, पण नासण्याआधी वापरता येईल इतकंच. त्यापलीकडचं दुसऱ्याचं. झाडाखाली फळं गोळा करून ती सडू दिली तर तुम्ही शेजाऱ्याचा वाटा घेतला. पुढे तोच म्हणतो, की आठवड्यात सडणारी फळं देऊन वर्षभर टिकणारी कवचाची फळं घेतली तर त्यात कुणावर अन्याय नाही. आणि कधीच न सडणारी वस्तू, म्हणजे सोनंचांदी, म्हणजे पैसा आला, की साठवायची मर्यादाच संपली.

कॉलेजात हे वाचलं असतं तर परीक्षेपुरतं वाचलं असतं. आता वाचताना मला आमचा ओटा दिसतो. लॉकची ती मर्यादा हा काही कायदा नव्हता, कुणी हवालदार उभा नव्हता. सडणं हाच हवालदार होता. दूध संध्याकाळपर्यंत कुणाचं तरी व्हायलाच हवं होतं, म्हणून ते मावशींचं होत होतं. आपण ज्याला गावाकडचा मोठेपणा म्हणतो, वानवळा म्हणतो, त्यातला बराच खर्च सडण्यानं उचललेला होता. मी हे कडवटपणे म्हणत नाही. आई उदार आहेच. पण तिच्या उदारपणाला रोज संध्याकाळी सहा वाजता एक ढकलणारा हात होता, तो आता नाही.

इथे आमच्या पिढीचं एक आवडतं वळण येतं : फ्रीज आला आणि माणुसकी गेली. फोन आला आणि गप्पा गेल्या, मिक्सर आला आणि चव गेली. हे वळण मला घ्यायचं नाही. कारण जुन्या घरात दूध नासत नव्हतं ते आपोआप नाही. एक बाई ते नासू देत नव्हती. पहाटे धार, तापवणं, साय, विरजण, संध्याकाळी पुन्हा धार, पुन्हा तापवणं, आठवड्याला घुसळणं, कढवणं. दुधाला घड्याळ असतं आणि त्या घड्याळाचा काटा म्हणून घरातली एक व्यक्ती फिरत असते. आमच्या घरात ती आधी आजी होती, मग आई. आई माहेरी चार दिवस राहायला गेली असं मला आठवत नाही, आणि कारण विचारलं की ती म्हणायची, "दुधाचं कोण बघंल?" मावशींना मिळणारा तांब्याभर दानाचा आनंद आईच्या न गेलेल्या माहेरच्या हिशोबात लिहिला जात होता. वहिनींनी ते घड्याळ थांबवलं. बुधवार ते रविवार त्या कुठेही जाऊ शकतात. या मोकळ्या झालेल्या वेळात त्यांनी बी.एड.च्या पुढचा अभ्यास सुरू केलाय. ज्याला माणुसकी गेली म्हणायचंय त्यानं आधी आठवडाभर रोज दोन वेळा सहा लिटर दूध तापवून दाखवावं.

आणि थांबू न शकणाऱ्या दुधानं काय होतं हे घराबाहेरही दिसतं. जून २०१७ मध्ये पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, जुलै २०१८ मध्ये दूधदरासाठी आंदोलन झालं, दोन्ही वेळा रस्त्यावर ओतलेलं दूध आपण मोबाइलवर पाहिलं. खाली लोकांच्या प्रतिक्रिया होत्या, की गरिबांना वाटायचं होतं ना. मला तेव्हा हॉस्टेलवर उत्तर देता आलं नव्हतं, आता येतं. कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन भाव येईपर्यंत कोपऱ्यात ठेवता येते. दूध काढायचं थांबवता येत नाही, कारण म्हशीची कास तटतटते. काढलेलं ठेवता येत नाही, कारण दुपारपर्यंत ते फाटतं. ज्याचा माल थांबत नाही त्याला भावासाठी थांबता येत नाही. थंडावा ज्याच्याकडे, भाव त्याच्या हातात. ज्याच्याकडे पावडरीचा प्रकल्प आहे तो पुष्टकाळातलं दूध कृशकाळापर्यंत नेऊ शकतो, ज्याच्याकडे कॅन आहे तो दुपारपर्यंतही नाही. तेव्हा साठवता येणं ही नुसती चैन किंवा हाव नाही. कमजोर माणसासाठी ती पाठीचा कणा असते. वहिनींच्या सहा डब्यांनी डेअरीचा भाव हलत नाही हे खरं, पण एखाद्या दिवशी केंद्र बंद असलं तर दादाचा चेहरा आता पूर्वीसारखा पडत नाही.

म्हणजे एकाच कप्प्यानं एका बाईला वेळ दिला, एका शेतकऱ्याला दम दिला आणि एका पोराचा पेला काढून घेतला. तिन्ही खरं आहे. मला यांची बेरीज करता येत नाही आणि करायचीही नाही, कारण बेरीज केली की पोराचा पेला सगळ्यात लहान आकडा ठरतो.

साठवणीचा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही. गाव ओळखलंच जातं धरणामुळे. पूर्णा नदीवर १९५८ ला काम सुरू झालं, १९६८ ला धरण पुरं झालं. खाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर. येलदरीचं पाणी वीजघरातून खाली सिद्धेश्वरला जातं आणि तिथून कालव्यांनी पुढे. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण कोणत्या गावानं बनवली माहीत नाही, पण आमच्याकडे ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. लहानपणी भिंतीवरून ते पसरलेलं पाणी पाहून मला वाटायचं, हे आपलं. शाळेतल्या सरांनी सांगितलं, की हे आपल्या गावात आहे, आपलं नाही. पिण्याला आधी, मग शेतीला, अमुक इतकं त्या शहराला, तमुक त्या तालुक्याला, हे सगळं ठरलेलं असतं. त्यावर भांडणं होतात, बैठका होतात, मोर्चे निघतात, पण निदान भांडता येतं. वाहत्या नदीत कुणाचा वाटा किती हे नदी आणि उतार ठरवतो. पाणी अडवलं त्या दिवसापासून ते माणसाला ठरवावं लागतं. धरणाच्या आकड्यांत जिवंत साठा आणि मृतसाठा असे दोन शब्द असतात. दारांतून बाहेर काढता येतं ते पाणी जिवंत, तळाशी उरतं आणि दारापर्यंत पोचत नाही ते मृत. दुष्काळात तेही उपसावं लागतं, तो भाग वेगळा. आमच्या फ्रीझरमधल्या दुधाला बाहेर जायचं दार आहे का, हा प्रश्न मला त्या दोन शब्दांवरून पडला.

श्रावणात सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घरोघरी वाचतात, आमच्याकडे आजी सांगायची. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. दवंडी पिटते, गावातलं सगळं दूध देवळात. भीतीनं लोक घरातला थेंबही मागे ठेवत नाहीत. पोरं रडतात, वासरं हंबरतात, गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरचं सगळं आवरते, पोराबाळांना दूध पाजते, वासरांना पाजते, सुनांना देते आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन जाते. गाभारा भरतो.

या कहाणीचा अर्थ आपण भक्ती मोठी, दूध छोटं असा काढतो. मला आता त्यात क्रम दिसतो. म्हातारीनं देवाला उरलेलं दिलं. नैवेद्याला उष्टं चालत नाही यावर किती कडक असतो आपण, आणि इथे देव उरलेलं घेतो. कारण उष्टं आणि उरलेलं वेगळं. उरलेलं म्हणजे ज्यांची भूक आधी होती त्यांची भागल्यावरचं. राजाचं दूध उरलेलं नव्हतं, ते आधीच काढून घेतलेलं होतं. आणि आजीनं कधी न सांगितलेली गोष्ट अशी, की त्या म्हातारीनं आवरून, पाजून, भरवून मग देऊळ गाठलं. तिच्या पुण्याआधी तिचं काम होतं.

पण कहाणीतल्या म्हातारीकडे फ्रीझर नव्हता. तिचं उरलेलं उरलेलं म्हणून डोळ्यांपुढे होतं. आपल्याला उरणं दिसतच नसेल तर क्रम कसा लावायचा? तेव्हा उरण्याची वाट न पाहता, आधीच बाजूला काढून ठेवायला लागेल. हे ऐकायला सोपं आहे. घरात बोलायला अवघड आहे.

गोठवलेल्या दुधानं परक्याला देता येतं याचा एक पुरावा मुंबईत आहे. शीव रुग्णालयात, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं आईच्या दुधाची बँक सुरू झाली, आशियातली पहिली. ज्या आईला जास्त येतं ती देते. ते दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, गोठवून ठेवतात, आणि वेळेआधी जन्मलेल्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना देतात. पूर्वी दुसऱ्याच्या बाळाला पाजायचं तर शेजारी असावं लागायचं, त्याच वेळी असावं लागायचं, जात आडवी यायची, नातं जोडावं लागायचं. गोठवल्यामुळे देणारी आणि घेणारा एकमेकांना कधी दिसतही नाहीत. तिथे "नासून जाईल" म्हणावं लागत नाही आणि "तुम्हाला लागतंय" हेही कुणाच्या तोंडावर म्हणावं लागत नाही. मधली ओशाळ संस्थेनं उचलली. येलदरीच्या गल्लीत संस्था कुठून आणायची? तिथे मधे फक्त एक बोळ आहे.

दिवाळीनंतर मी पंधरा दिवस घरून काम करत होते. दुपारी दोन मीटिंगांच्या मधे आई आणि वहिनींचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू आलं. आई म्हणत होती, एक डबा मावशींना देत जाऊ. वहिनी म्हणाल्या, "आई, द्या ना. पण त्या घेणार नाहीत. फ्रीजमधलं काढून दिलं की त्यांना वाटंल आपण मोजून दिलं." आई म्हणाली, "मोजलंच की तुम्ही." त्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत. सासूनं सुनेला 'तुम्ही' म्हटलं की आमच्या घरात हवामान बदलतं.

शेवटी प्रश्न मावशींनीच सोडवला, आणि आमच्यापैकी कुणालाही तो तसा सुटेल असं वाटलं नव्हतं. मुलानं ऊसतोडीवरून पैसे पाठवले होते. त्या दुपारी आल्या, तांब्या न घेता, रिकाम्या हातानं, आणि म्हणाल्या, "नातवाला अर्ध्या लिटरचा रतीब लावा. डेअरी जो भाव देती तो घ्या." आई गडबडली. पैसे कसले घ्यायचे माय, असं काहीतरी म्हणाली. मावशी म्हणाल्या, "मग नको."

वहिनींनी लगेच वही काढली. मला वाटतं वहिनींनी त्यांना जितका मान त्या क्षणी दिला तितका आम्ही इतकी वर्षं तांब्या भरून दिला नव्हता. आईला मात्र ते लागलं. तिच्या मते पैसे आले की नातं गेलं. वहिनींच्या मते पैसे आले म्हणून मावशींना दारात उभं राहता आलं. यावर दोघींचं अजून एकमत नाही आणि मी मधे पडत नाही. मला दोघींचंही पटतं, पण मी पुण्यात पाकिटातलं दूध ॲपवरून मागवते. रतिबाच्या मान-अपमानावर मी काय बोलणार?

आता रोज संध्याकाळी डेअरीला जायच्या आधी अर्धा लिटर बाजूला निघतं. गोठवलेलं नाही, ताजं. वहिनींचं म्हणणं, रतीब लावलाय तर ताजंच द्यायचं. तांब्या पुन्हा येऊ लागलाय. सकाळी परत येतो तेव्हा तळाशी अजूनही काहीतरी असतं, मागच्या आठवड्यात चवळीच्या शेंगा होत्या. आणि माप ओतून झालं की आई, वहिनींची पाठ असो वा नसो, वरून अजून घसघशीत धार सोडते. मी एकदा घरच्या मापानं मोजून पाहिलं, जवळपास पाव लिटर भरलं. वहीत ते येत नाही. वहिनी महिन्याच्या शेवटी बेरीज करतात, दूध कमी भरतं, आणि त्या रकान्यात त्या 'मांजर' असं लिहितात. आमच्याकडे मांजर नाही.